सईच्या वहीसाठी आपल्याकडची जनावरं

जव्हार,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

सईला शाळेत ‘अद्भुत प्राणी’ या विषयावर वही करायची आहे, तिची पानं ड्रॅगन आणि युनिकॉर्नने भरत चालली आहेत आणि आपल्याकडचं काही सुचत नाही म्हणून तू हैराण झालास. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

एक चित्र तर तिला आजच काढायला सांग. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाताना होडी तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. तो दिसला की तिथेच दगडात कोरलेलं एक जनावर आहे. चारही पंज्यांत एकेक हत्ती दाबलेला, एक तोंडात आणि एक शेपटीत गुंडाळलेला. असे सहा हत्ती! कुणी त्याला वाघ म्हणतं, कुणी सिंह; जाणकार शरभ म्हणतात. पुराणात नरसिंहाचा क्रोध आवरेना तेव्हा शंकराने शरभाचं रूप घेतलं अशी कथा आहे, आणि त्यावर विष्णूने दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं रूप घेतलं असं वैष्णव सांगतात. हा गंडभेरुंड पुढे म्हैसूरच्या राजांनी आपलं चिन्ह केलं. आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आहेत, आणि लोक त्यांच्याखालून सेल्फी काढत निघून जातात. सईने मान वर करून बघावं, एवढी माझी फार इच्छा आहे.

पण शरभ कधी कुणाच्या गोठ्यात शिरला नाही. मला जास्त ओढ आहे ती खऱ्या रानातल्या, खऱ्या अंगाच्या जनावरांची, ज्यांच्याभोवती माणसांनी गोष्टी विणल्या. कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, घे. शेपटीवर मुततात, ती शेपटी वाघाच्या डोळ्यांवर फटकारतात आणि वाघ आंधळा झाला की त्याला फाडतात, असं कोकणापासून विदर्भापर्यंत सांगतात. धामण गाईच्या मागच्या पायांना वेढे घालून दूध पिते. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर तोलायला. यातली एकही गोष्ट प्राणिशास्त्रात टिकत नाही. सापाचे ओठ आचळ ओढूच शकत नाहीत. तरी टिटवीची गोष्ट मला जिवापाड आवडते. ती कुणाचं वाईट करत नाही.

धामणीची मात्र करते. गोठ्यात दिसली की काठी बसते तिच्या पाठीत. इथे राहायला आल्यापासून मी प्रत्येक गोष्टीला हेच विचारू लागलोय. ती खरी की खोटी हे नंतर बघू. ती त्या जनावराला जगवते की मारते?

जगवणारी गोष्ट इथे दारात आहे. वारली पाड्याच्या वेशीवर, झाडाखाली, शेंदूर माखलेला एक उभा दगड किंवा लाकडी फळी असते. नीट पाहिलं तर त्यावर चंद्र, सूर्य आणि मध्ये वाघ कोरलेला. हा वाघोबा. त्याची गोष्ट सांगणारा बदलला की तपशील बदलतात, पण गाभा असा: एका कुमारिकेला मूल झालं. माणसाचंच पोर, पण नजरेआड गेलं की वाघाचं पिल्लू व्हायचं. मोठं झालं तसं गावातली गुरं खाऊ लागलं. गाव त्याला मारायला उठलं. आई मध्ये उभी राहिली. तिने लेकाला सांगितलं, तू रानात जा; आणि गावाला सांगितलं, याला जागा द्या, वर्षातून एकदा याचा मान द्या, मग हा तुम्हाला सांभाळेल.

बघ, सुधीर, यात वाघाला आई आहे. त्याला वाटा आहे आणि त्याला हद्दही आहे. गावाला नुसतं संरक्षण मिळत नाही, त्याला काही द्यावंही लागतं. शरभासारखा हा पराक्रमाचा पुतळा नाही, हा सोयरा आहे, आणि सोयऱ्याशी भांडण झालं तरी तो तुटत नाही. एखाद्याची शेळी गेली तर तो वाघोबाला जाब विचारायला जातो, रागावून बोलतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोंबडं घेऊन जातो.

आश्विन वद्य द्वादशीला तुम्ही तिकडे वसुबारस करता, गाय-वासराला ओवाळता. त्याच दिवशी इकडे वाघबारस असते. गाईला खाणाऱ्याची पूजा! गुराखी मंडळी दूध आणि तांदूळ गोळा करून वाघोबापाशी खीर शिजवतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरांत तर गुराख्यांची पोरं एकाला वाघ करतात आणि ‘आमच्या शिवारात येशील का?’ म्हणून दरडावत त्याला पळवतात. भरल्या घरात दिवाळी सुरू होण्याआधी, ज्याची भीती वाटते त्याच्याशी हिशेब मिटवून घ्यायचा. यापेक्षा शहाणा सण मला माहीत नाही.

आणि हे फक्त आमच्या डोंगरात नाही. मुंबईत, आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या पाड्यांत वाघोबा आहेत. 2021 साली वन्यजीव अभ्यासकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाच्या 150 जागा नोंदल्या आहेत. पट्टेरी वाघ या भागातून केव्हाच गेला. आता रात्री फिरतो तो बिबट्या, आणि वाघाचा मान तो घेतो. माणसांची इतकी दाटी असलेल्या मुलखात बिबटे अजून आहेत याला दाट झाडी आहे, कुत्री-डुकरांचं खाद्य आहे, कायदा आहे. पण ज्या पाड्याने शेकडो वर्षं त्याला वाटेकरी मानलं, त्या पाड्याचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये.

वाघोबा पुजला की सगळं भागतं, असं मात्र सईला सांगू नकोस. गोव्यात सत्तरी आणि काणकोणकडेही वाघ पुजतात, त्याला वाघ्रो म्हणतात. त्याच सत्तरीत, म्हादईच्या अभयारण्यात, 2020च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारलेली सापडली. ती बातमी वाचून मी कितीतरी दिवस सुन्न होतो. गुरं गेल्यावर माणसाच्या हातात काही पडलं नाही, तर वाट्याची गोष्ट फार काळ तग धरत नाही. करार दोन्हीकडून पाळावा लागतो, आणि आता त्यात सरकारही एक बाजू आहे.

आता मारणारी गोष्ट. ती तुमच्या माणदेशातली. तुझ्या विहिरीच्या कडेला मुरमाच्या ढिगात आपल्याला मांडूळ सापडलं होतं, आठवतं? काळपट तपकिरी, गुळगुळीत, मनगटाएवढं जाड. आपण काठी लावली तसं त्याने डोकं वेढ्याखाली खुपसलं आणि बोथट शेपूट वर उचलून हलवली, अगदी दुसरं तोंड असल्यासारखी. शत्रूने घाव घालावा तो शेपटीवर, डोकं वाचावं, म्हणून ही त्याची युक्ती. तिच्यातूनच ‘दुतोंड्या’ जन्मला, सहा महिने या तोंडाने चालणारा आणि सहा महिने त्या. आबांनी त्याला फावड्यावर घेतलं, बांधापलीकडे सोडलं आणि म्हणाले, “आसू दे त्येला, उंदरं खातंय.”

तोवर ही गोष्ट निरुपद्रवी होती. मग कुणीतरी तिला पैशांचा पाऊस जोडला. मांडूळ घरात ठेवलं की गुप्तधन सापडतं, अमुक किलोच्या वर भरलं की लाखांत, कोटींत जातं, असली बोली उठली. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सापाला संरक्षण आहे, तरी दर काही दिवसांनी पेपरात तीच बातमी: लॉजवर सापळा, पोत्यात मांडूळ, चौघे अटकेत. वजन भरावं म्हणून त्याच्या पोटात छर्रे कोंबल्याचंही मी वाचलंय. विष नाही, चावायची घाई नाही, पळायचा वेग नाही अशा मुक्या जिवाला. मला याचा संताप येतो. यातल्या कुठल्या गोष्टीत त्या सापाला आई आहे? त्याला हद्द कुठे आहे, त्याचा वाटा कोणता? त्याला आहे ती फक्त किंमत. दिवाळीच्या अमावस्येला घुबडांचे बळी जातात ते असेच, आणि तेही लक्ष्मीचं वाहन म्हणून!

घोरपडीचं तर दोन्हीकडून झालं. 4 फेब्रुवारी 1670च्या रात्री तानाजीची माणसं यशवंती घोरपडीला दोर बांधून सिंहगड चढली, ही गोष्ट इतिहासकार मानत नाहीत, पण तिच्यामुळे घोरपडीला महाराष्ट्रात मान आहे. घोरपडे घराण्याच्या नावामागेही किल्ला चढल्याचीच कथा सांगतात. आणि दुसरीकडे तिचं तेल काढतात, मांस खातात. नराचे अवयव वाळवून ‘हत्ताजोडी’ नावाची दैवी मुळी म्हणून विकतात. हे शेवटचं तुझ्यापुरतं, वहीत नको.

वहीत सईने शरभ काढावा, वाघोबाची गोष्ट तिच्या शब्दांत लिहावी आणि मांडुळाचं डोकं कुठलं, शेपूट कुठली ते बाण काढून दाखवावं. बाईंना आवडेल. वर्गातल्या एखाद्या पोराने ते घरी सांगितलं तर आणखी बरं.

एक काम तुझ्याकडे. तुमच्याकडचे मेंढके लांडग्याने कोकरू नेलं तर त्याचा वाटा गेला म्हणतात, असं मी ऐकलंय. त्यामागे वाघोबासारखी पुरी गोष्ट आहे का, ते आबांना विचार. वाडा बसवायला येणाऱ्या धनगरांनाही विचार. जशी सांगतील तशी, त्यांच्याच बोलीत उतरवून घे आणि मला धाड. आबांचं वय झालंय, हे लगेच कर, पुढे ढकलू नकोस.

पुढच्या वाघबारशीला वहिनी आणि सईला घेऊन इकडेच या. आबांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय