दम लागला तर सांगायचं, मनू

मनू,

काल तू फोनवर बायोप्सीचा रिपोर्ट वाचून दाखवलास आणि मी नुसतं हं हं करत राहिलो. ग्रॅन्युलोमा, म्हणजे त्या बारीक गाठी, ऐकलं आणि पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. फुफ्फुसं नवीन, दुसऱ्या कुणाची, आणि त्यातही परत तुझा तो जुना आजार, सार्कॉइडोसिसच? मग दादाने समजावलं की फुफ्फुसं बदलली तरी रक्तातल्या पेशी तुझ्याच, त्याच तिथे जाऊन गाठी करतात, आणि ट्रान्सप्लांटनंतर उलटणाऱ्या आजारांत हाच जास्त सापडतो, बऱ्याचदा असाच, काही त्रास नसताना. टीबी, फंगस नाही हे बघितलंय म्हणालीस. बरं.

रिपोर्टचं डॉक्टर बघतील गं. मला धास्ती आहे ती तुझ्या 'काही नाही हो बाबा'ची. कॉलेजात असताना जिन्यात मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करायचीस, आठवतं? कधीकधी तर चपलेला पट्टाच नसायचा. आम्ही आपले वेंधळी म्हणून हसायचो. पार ऑक्सिजन लागेपर्यंत तुझं हेच.

म्हणून सांगतो, रोज सकाळी स्पायरोमीटरमध्ये फुंकायचं, आकडा लिहायचा, आणि १० टक्के जरी घसरला तरी लगेच टीमला फोन, सोमवारची वाट बघायची नाही, कारण ते सार्कॉइड आहे, इन्फेक्शन आहे की रिजेक्शन, म्हणजे शरीर नवीन फुफ्फुसं नाकारतंय, हे घरी बसून कळत नाही. टॅक्रोलिमस, ती रिजेक्शन रोखणारी गोळी, १२ तासांनी म्हणजे १२ तासांनीच. तिच्या लेव्हलसाठी रक्त द्यायचं असेल तेव्हा सकाळची गोळी रक्त दिल्यावर. स्टेरॉइड वाढवलं तर साखर तपासत जा. झालं माझं भाषण सुरू, सॉरी. तुला हे माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, नवीन पेशंटना तूच तर समजावतेस, आत्या गावभर सांगत सुटते, मीही सांगतो, फक्त तुझ्यासमोर नाही.

ट्रान्सप्लांटनंतर श्वासाची नळी काढल्यावर तू आख्खं वाक्य एका दमात बोललीस ते मला झापायला, मास्क नाकाखाली आलाय म्हणून. आवाज घोगरा, पण मध्ये कुठे थांबली नाहीस. आई रडायला लागली, मी मुकाट्याने मास्क वर केला.

हल्ली तू बोलतेस तेव्हा वाक्य कुठे तुटतंय तेवढंच ऐकत बसतो, ऑफिसचं काय सांगितलंस ते मग लक्षात राहत नाही. रविवारी बॉसबद्दल सांगता सांगता थांबलीस. पाणी पीत होते म्हणालीस. पीत असशीलही.

आजचा आकडा पाठव. रविवारचाही.

बाबा