नारळ, न्यूटन आणि मासेमारीबंदी

संपादक महोदय,

नारळी पौर्णिमा आली की समुद्राला नारळ देणाऱ्यांना अडाणी ठरवायची हौस काहींना येते. विश्व नियमाने चालते हे वैदिक ऋषींनाही दिसले होते. त्या नियमाला ते ऋत म्हणत, वरुण त्याचा राखणदार. उषेने वेळेवर येणे आणि माणसाने खरे बोलणे, दोन्ही त्यातच. न्यूटनने १६८७ मध्ये भरती-ओहोटीचा उलगडा चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने केला. नियम पक्का झाला, पण आपल्या वागण्याशी त्याला देणेघेणे उरले नाही.

आमच्या हर्णै बंदरात विज्ञान आणि श्रद्धा दोन्ही सुखाने नांदतात. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मोबाइलवर भरतीची वेळ बघतो (ती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, हे जुन्या कोळ्यांना मोबाइलशिवायही ठाऊक होते) आणि होडीला हारही घालतो.

अडते ते मासेमारीबंदीपाशी. पूर्वी नारळी पौर्णिमेआधी कुणी होडी लोटत नसे. आता पावसाळ्यातली सरकारी बंदी ३१ जुलैला संपते, पौर्णिमा आली असो वा नसो. २०२४ मध्ये पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. लवकर होडी लोटणाऱ्याला गुरुत्वाकर्षण दंड करत नाही, तेव्हा तो सरकारनेच करावा. तारीख पंचांगातून घ्या नाहीतर माशांच्या विणीच्या अभ्यासातून, पण ऑगस्टचा पहिला पंधरवडा तरी जाळी कोरडी राहू द्यात.

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)