मेंटेनन्स थांबवू नकोस

वाशी

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपलं वाजलं आणि तू बोलता बोलता फोन ठेवलास. लिफ्ट बंद, पाणी नाही, रंजना बाळाला कडेवर घेऊन अकरा मजले चढली, हे ऐकून मलाही रागच आला. पण 'पाणी येईपर्यंत आमच्या विंगमधलं कुणीच मेंटेनन्स भरणार नाही' हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. रात्रभर तेच.

आपल्या बिल्डिंगचं काय झालं ते तू लहान असताना पाहिलंस, पण तुला कळलं नसेल. आधी फक्त गच्ची गळत होती. दुरुस्ती काढायची तर निम्म्यांनी पैसे अडवलेले. कुणाचं भांडण जिन्यातल्या दिव्यावरून, कुणाचं पार्किंगवरून, आणि प्रत्येकाची तक्रार खरी होती रे. मग ताडपत्री घालत बसलो. पाणी मुरत मुरत स्लॅबमध्ये उतरलं. शेवंताबाईंच्या ओट्यावर पहाटे गिलावा कोसळला तेव्हा परातीत भिजवलेली कणीक होती. कणकेत सिमेंटचे तुकडे, वर गंजलेल्या सळ्या उघड्या. बाई देवापुढे दिवा लावायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

पैसे अडवून पाणी येत नाही. पंपाचं आणि लिफ्टचं वीजबिल त्याच पैशातून जातं. वर थकबाकीवर सोसायटीच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, व्याज लागतं, आणि थकबाकीदाराला कमिटीत उभं राहता येत नाही. म्हणजे ज्याची तक्रार, त्यालाच खुर्ची नाही. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा, तोही बांधकामखर्चाच्या वर्षाला पाव टक्का तरी जमायलाच हवा, नाहीतर...

बघ, भाषण सुरू झालं. माफ कर. बाबा सेक्रेटरी असताना वसुलीची वही मीच लिहायचे, त्यामुळे हे सगळं तोंडात बसलंय.

२०१८ च्या सोडतीत सिडकोची १४,८३८ घरं होती. त्यात तुझं नाव लागलं तेव्हा बाबांनी खालच्या वॉचमनपासून सगळ्यांना पेढे दिले. २५.८१ चौरस मीटर ऐकून मामा 'खुराडं' म्हणाला, तर हे भरल्या ताटावरून उठले. कुणाचा वशिला नाही, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतलेलं घर आहे ते तुझं. म्हणून जीव तुटतो. पैसे अडवू नकोस, एवढंच.

भांड, जरूर भांड. कमिटीला लेखी दे, पोच घे. सही-शिक्का नसेल तर अर्ज तिथेच ठेवून येऊ नकोस. सर्वसाधारण सभेत रंजनालाही ने, ती तुझ्यापेक्षा शांतपणे बोलते.

शनिवारी मी बेलापूरहून मेट्रोने पेंढरला येते. बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलंय. लिफ्ट बंद असली तरी चढेन, गुडघ्यावरून ओरडू नकोस. आणि या महिन्याचं भरलंस का, ते मेसेज करून कळव.

तुझी
आई