बारीक ठिपका, पण कुठे?

संपादक महोदय,

पक्षाघातानंतर मेंदूच्या एमआरआयमध्ये ‘बारीकसा ठिपका’ (रक्त न पोचल्याने निकामी झालेला भाग) म्हटलं की घरचे निर्धास्त होतात. पण दीड सेंटीमीटरहून लहान ठिपकासुद्धा इंटर्नल कॅप्सूलमध्ये असला, म्हणजे जिथून हातापायाच्या सगळ्या वायरी दाटीवाटीने जातात तिथे, तर शर्टाचं बटण लागत नाही, चालताना तोल जातो, जीभ जड होते. आणि गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की कधीकधी विरुद्ध बाजूचा लहान मेंदू, तिथली रक्तवाहिनी बंद झालेली नसूनही, मंदावतो कारण त्याला येणारे सिग्नलच तुटतात. इजा एकीकडे आणि मंदावतो दूरचा भाग, अशा परिणामाला मेंदूतज्ज्ञ मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्येच डायस्किसिस म्हटलंय. तरी आपल्याकडे पेशंट चालायला लागला की फिजिओथेरपी बंद! डिस्चार्ज देताना नुसत्या बीपीच्या गोळ्या नकोत, हाताच्या बारीक हालचालीही तपासून कार्डावर लिहा ना.

– एक वाचक, सांगली