हायब्रीड गाडीचा तो आवाज पादचाऱ्यासाठी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायब्रीड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, गाडी संथ चालताना पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून तिच्या पुढच्या भागातल्या स्पीकरमधून मुद्दाम काढलेला बारीक घुमणारा आवाज अनेक मालकांना नकोसा वाटतो. ‘हा आवाज बंद कसा करायचा?’ असे वर्कशॉपमध्ये सर्रास विचारले जाते, आणि फ्यूज काढून किंवा स्पीकरचा कनेक्टर सोडवून तो बंद करून देणारेही भेटतात. आमच्यापैकी एकाचे काम वाहनांच्या आवाजाच्या चाचण्या घेण्याचे, तर दुसऱ्याचे दृष्टिहीनांना पांढऱ्या काठीच्या आधाराने एकट्याने रस्ता ओलांडायला शिकवण्याचे आहे. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी आमचे सांगणे एकच: हा आवाज बंद करू नये, आणि तो नीट चालतो की नाही हे ब्रेकइतक्याच गांभीर्याने तपासावे.

गाडी वेगात असली की आवाज मुख्यतः टायरचा असतो. ताशी २० ते ३० किलोमीटरच्या पुढे पेट्रोल गाडी आणि हायब्रीड यांत कानाला फारसा फरक उरत नाही. फरक पडतो तो त्याखाली. आणि गाडी व माणूस एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात तेही याच वेगात: रिव्हर्स घेताना, पार्किंगमधून निघताना, फाटकातून बाहेर पडताना, सिग्नलला वळताना. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ च्या अहवालात असे नोंदवले की, अशा संथ हालचालींमध्ये हायब्रीड गाडीची पादचाऱ्याला धडक बसण्याची शक्यता साध्या गाडीच्या दुप्पट होती. ब्रिटनच्या २०१३ ते २०१७ या काळातील अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर १० कोटी मैलांमागे जखमी वा मृत पादचाऱ्यांचे प्रमाण पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी २.४०, तर हायब्रीड व विजेच्या गाड्यांसाठी ५.१६ निघाले. हा सगळा फरक आवाजाचाच असे म्हणता येणार नाही, कारण या गाड्या शहरात जास्त फिरतात. पण तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

पूर्ण विजेची गाडी निदान नेहमीच शांत असते. हायब्रीडचे तसे नाही. बॅटरीतला चार्ज, एसीची गरज, इंजिनाचे तापमान आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, यावर तिचे इंजिन आपोआप चालू-बंद होते. तीच गाडी त्याच फाटकातून सकाळी गुरगुरत निघते आणि संध्याकाळी निःशब्द. ऐकणाऱ्याची खरी फसगत इथे होते. इंजिन बंद झाल्याचा आवाज आला म्हणजे गाडी उभी केली, हे कानांना वर्षानुवर्षांच्या सवयीने पाठ झालेले असते. हायब्रीडमध्ये इंजिन बंद पडते आणि गाडी तशीच पुढे सरकत राहते.

दृष्टिहीन व्यक्ती चौक कसा ओलांडते हे पाहिले की याचे गांभीर्य कळते. ती फुटपाथच्या कडेला उभी राहून आपल्या चालण्याच्या दिशेला समांतर असलेल्या गाड्या ऐकते. त्या रांगेतल्या गाड्या एकदम निघाल्या की आपल्या दिशेची वाहतूक सुटली असे ती समजते आणि पाऊल टाकते. पुढे त्याच आवाजाला एका बाजूला ठेवत ती सरळ रेषेत चालते. आता रांगेत सर्वांत पुढे हायब्रीड असेल, तर तो निघण्याचा आवाज मागच्या दुसऱ्या-तिसऱ्या गाडीकडून, उशिरा येतो. ओलांडायला मिळणारा वेळ तेवढा कमी होतो. आणि ती पहिली गाडी वळणार असेल, तर ती नेमकी याच माणसासमोरून जाते. आंधळ्या माणसाने जास्त सावध राहावे, असा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तो आधीच पूर्ण सावध असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायची माहितीच गाडीतून निघत नाही.

म्हणूनच वेगवेगळ्या देशांनी हा कृत्रिम आवाज आधी सुचवला आणि मग सक्तीचा केला. जपानने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. अमेरिकेत २०१० च्या पादचारी सुरक्षा कायद्यावर जानेवारी २०११ मध्ये सही झाली. अशा शांत गाड्यांच्या आवाजाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. १३८ हा २०१६ मध्ये लागू झाला. युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि १ जुलै २०२१ पासून सर्व नव्या हायब्रीड व विजेच्या गाड्यांना तो बंधनकारक केला. सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या नियमात चालकाला आवाज थांबवण्याचे बटण देण्याची मुभा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती काढून घेतली, आणि ते योग्यच झाले.

नियम क्र. १३८ चे आकडे असे: ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० ला किमान ५६ आणि रिव्हर्समध्ये किमान ४७. मोजमाप गाडीच्या मध्यरेषेपासून २ मीटर बाजूला, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर होते. पुढे जाताना कमाल मर्यादा ७५ डेसिबल. दोन माणसे एक मीटरवर उभी राहून साधे बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणजे ध्वनिप्रदूषणाची तक्रार इथे लागू पडत नाही. उलट हे आकडे तसे काटकसरीचेच आहेत. आवाज ऐकून, दिशा ओळखून मागे सरायला माणसाला दोन सेकंद लागतात असे धरू. तेवढ्या वेळात १० च्या वेगाची गाडी साडेपाच मीटर पुढे येते आणि २० ची अकरा मीटर. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. हिशेब केला तर दोन्ही वेगांत, दोन सेकंद आधी पादचाऱ्याच्या कानाशी पोहोचतात अवघे ४१ डेसिबल. वेग दुप्पट झाल्यावर नियमात वाढवलेले ६ डेसिबल वाढलेल्या अंतरात संपतात. शांत गल्लीत ४१ पुरतात. गजबजलेल्या रस्त्यावर एकूण पातळी ६५ च्या वर असते, तिथे आवाज किती मोठा आहे एवढ्यावरच भिस्त ठेवता येत नाही. तिथे आवाज कोणत्या पट्टीत आहे यावर सारे ठरते.

नियमातला हा भाग सर्वांत विचारपूर्वक लिहिला आहे, पण त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आवाजात किमान दोन वेगवेगळ्या वारंवारता-पट्ट्या (वारंवारता म्हणजे सुराची उंची) हव्यात आणि त्यातली निदान एक १,६०० हर्ट्झ किंवा त्याखाली हवी, अशी अट आहे. कारण वय वाढते तशी आधी उच्च वारंवारता ऐकू येईनाशी होते. फक्त तीन-चार हजार हर्ट्झचा चिरका आवाज ठेवला, तर अनेक ज्येष्ठांना तो नीट ऐकूच येणार नाही. शिवाय दिशा ओळखण्याचे दोन मार्ग कानाकडे असतात. खालच्या सुरांत आवाज दोन कानांना किती वेळाच्या फरकाने मिळाला ते मेंदू पाहतो. वरच्या सुरांत डोक्याच्या आडोशाने एका कानाला तो किती कमी मिळाला ते. मधल्या, दीड ते तीन हजार हर्ट्झच्या भागात दोन्ही खुणा कमजोर असतात. त्याच भागातला एकसुरी ‘पीं पीं’ कुठून येतोय ते पटकन कळत नाही आणि माणूस चुकीच्या बाजूला वळतो. रुंद पट्टीचा, जरा खरखरीत आवाज दिशेला नेमका असतो, आणि रस्त्याच्या गोंगाटात त्याचा एक पट्टा बुडाला तरी दुसरा वर राहतो.

तिसरी अट सुराची. ५ ते २० किलोमीटरच्या टप्प्यात वेग एका किलोमीटरने वाढला की वारंवारता किमान ०.८ टक्के चढली पाहिजे. पूर्ण टप्प्यात ही चढण १२ टक्क्यांची होते, म्हणजे पेटीवर सा वरून रे वर जाण्याएवढी. ती कानाला स्पष्ट कळते. गाडी जवळ येतेय एवढेच नाही, तर ती वेग घेतेय की थांबतेय हेही त्यातून समजते. म्हणून बाजारात मिळणारे गाणे वाजवणारे किंवा ठरावीक बीप करणारे स्पीकर हा याला पर्याय नाही. टेस्लाने २०२२ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांमधली, बाहेरच्या स्पीकरवर हवे ते आवाज वाजवण्याची सोय चालत्या गाडीत बंद केली, ती ते आवाज या इशाऱ्याला झाकतील म्हणूनच.

हॉर्न आहेच की, असेही म्हटले जाते. हॉर्न वाजवायला चालकाने आधी माणूस पाहिलेला असावा लागतो. न पाहिलेल्या माणसासाठीच तर हा आवाज आहे. आपोआप लागणाऱ्या ब्रेकचे आम्ही स्वागतच करतो, पण रिव्हर्समध्ये पादचारी ओळखणारी यंत्रणा सगळ्या गाड्यांत नसते, आणि बऱ्याचदा तिची मदार चिखल बसू शकणाऱ्या कॅमेऱ्यावर असते.

आता तपासणीविषयी. इंजिन आधी गरम होऊ द्यावे, नाहीतर ते स्वतःला गरम करण्यासाठी मध्येच सुरू होईल. बॅटरी पुरेशी चार्ज असावी, एसी आणि पंखा बंद. मोकळी, सपाट, शांत जागा निवडावी. एकाने गाडी हलक्या पायाने आधी १० आणि मग २० च्या वेगाने न्यावी. दुसऱ्याने गाडीच्या वाटेत न येता, बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून ऐकावे. नंतर तेच रिव्हर्समध्ये, आणि या वेळी ऐकणाऱ्याने मागच्या कोपऱ्याच्या बाजूला, पण वाटेबाहेर उभे राहावे. बऱ्याच गाड्यांत एकच स्पीकर पुढच्या बंपरमागे असतो. त्याचा आवाज गाडीला वळसा घालून मागे येतो, तेव्हा इथे तो क्षीण लागतो का हे मुद्दाम पाहावे. मोबाइलवरच्या ॲपचे डेसिबल प्रमाण मानू नयेत. मात्र वारंवारतेचा आलेख दाखवणारे ॲप उपयोगी पडते. १,६०० हर्ट्झखाली ठळक रेषा दिसावी आणि वेगाबरोबर ती वर सरकावी.

आवाज येत नसेल तर आधी फ्यूज. मग स्पीकरचे तोंड: तिथे चिखल घट्ट बसतो. तो मऊ ब्रशने काढावा. प्रेशर वॉशरचा नोझल जवळ धरला तर आतला पडदा फाटतो, आणि नंतर आवाज येतो पण फाटका आणि क्षीण. पुढे कनेक्टर: ओल शिरून पिना हिरव्या पडतात. बंपर रंगवायला किंवा बदलायला काढल्यानंतर हा कनेक्टर परत जोडायचा राहून जाणे ही सर्रास होणारी चूक. काही गाड्यांत त्याचा इशारा डॅशबोर्डवर येतो, काहींत येत नाही. बाहेरून बसवलेला लोखंडी गार्ड स्पीकरसमोर आला तरी आवाज दबतो. स्पीकर साधा असेल तर मल्टिमीटरवर कॉइलचा रोध बहुधा ४ किंवा ८ ओहमच्या आसपास लागतो. परिपथ खुला दाखवला तर कॉइल जळाली. ॲम्प्लिफायर आतच असलेल्या स्पीकरवर हे मोजमाप निरर्थक आहे. या यंत्रणेची वायरिंग १२ व्होल्टची असते, पण त्याच भागात एअरबॅगचा सेन्सर असू शकतो, म्हणून बंपर उघडण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी. उच्च दाबाच्या नारिंगी केबलना हात लावू नये.

नियम करणाऱ्यांकडे आमचे दोन आग्रह आहेत. युरोपच्या पद्धतीत उभ्या गाडीने आवाज करण्याची सक्ती नाही. अमेरिकेच्या नियमात गाडी सुरू असून गिअर ‘पार्क’मध्ये नसेल, तर उभी असतानाही आवाज हवा आणि तो ताशी ३० किलोमीटरपर्यंत चालू राहिला पाहिजे. सिग्नलला थांबलेली हायब्रीड पुढच्या क्षणी निघणार आहे हे काठी घेतलेल्या माणसाला कळायचे, तर दुसरी पद्धतच बरोबर आहे. आणि गाड्यांच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीत ही यंत्रणा आली पाहिजे: १० च्या वेगाने एकदा पुढे, एकदा रिव्हर्स, आणि बंपरमागचा कनेक्टर जागेवर आहे का याची नोंद. ज्या गाडीचा आवाज मुद्दाम तोडलेला आढळेल, तिला तो जोडून आणल्याशिवाय पास करू नये.

आपले,
वाहनध्वनी आणि पादचारी सुरक्षा या क्षेत्रांत काम करणारे दोन वाचक