पॅकेज विचारण्याआधी कागद वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्लेसमेंटचा हंगाम आला की वृत्तपत्रांत पॅकेजचे आकडे ठळक छापून येतात. मुंबईतल्या छोट्या गुंतवणूक बँकांचे (कंपन्यांना शेअर विक्रीत आणि खरेदी-विक्रीच्या सौद्यांत सल्ला देणाऱ्या संस्थांचे), म्हणजे या धंद्यात ज्यांना ‘बुटीक’ म्हणतात त्यांचे आकडेही त्यात असतात. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची सीए-एमबीए झालेली मुले ऑफर घेऊन घरी जातात आणि घरचे विचारतात, ‘या कंपनीचे नाव कोणी ऐकले आहे का?’ काळजी रास्त आहे. पण बुटीकचे नाव शेजाऱ्यांना ठाऊक असण्याने काही साधत नाही. ते कंपन्यांच्या प्रवर्तकांना, कंपन्यांत मोठे हिस्से घेणाऱ्या प्रायव्हेट इक्विटी फंडांना आणि सौद्यांचे काम करणाऱ्या वकिलांना ठाऊक असावे लागते. ही पत घरबसल्या बरीचशी तपासता येते, आणि सही करण्याआधी मुले ती तपासत नाहीत, म्हणून हे पत्र.

बुटीक शेअर विक्रीची, म्हणजे आयपीओची कामे करत असेल तर सर्वांत भरवशाचा पुरावा सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तिने हाताळलेल्या एखाद्या मेनबोर्ड (शेअर बाजाराच्या मुख्य विभागातल्या) आयपीओचे मसुदा माहितीपत्रक, म्हणजे डीआरएचपी, उघडावे. त्यात प्रत्येक लीड मॅनेजरच्या, म्हणजे इश्यू हाताळणाऱ्या बँकरच्या, आधीच्या इश्यूंचा तक्ता असतो: इश्यूचा आकार कोटींत, इश्यूची किंमत, लिस्टिंगची तारीख, त्या दिवशी उघडलेला भाव आणि मग 30, 90 व 180 दिवसांनंतर भावात झालेला बदल, शेजारी निर्देशांकातला बदल. पहिल्या दिवशी उसळलेले शेअर 180 व्या दिवसापर्यंत एकामागून एक इश्यू किमतीखाली गेलेले दिसले, तर गुंतवणूकदार त्या बँकरचा पुढचा फोन किती उत्साहाने घेतील याचा अंदाज येतो.

त्याच कागदात जबाबदाऱ्यांच्या वाटपाचाही तक्ता असतो. मोठ्या इश्यूत चार-पाच बँकर असतात. ड्यू डिलिजन्स (कंपनीची कसून तपासणी) आणि माहितीपत्रकाचा मसुदा कोणाकडे, परदेशी व देशी संस्थात्मक गुंतवणूकदार कोणाकडे, रजिस्ट्रार, मुद्रक, जाहिरात संस्था नेमण्याचे काम कोणाकडे, हे तिथे ओळीओळीने लिहिलेले असते. ज्या बुटीकच्या वाट्याला दर वेळी मुद्रक आणि जाहिरातीच येतात, तिथे दोन वर्षे काढलेल्या ॲनालिस्टला, म्हणजे कनिष्ठ बँकरला, कंपनीचे आर्थिक मॉडेल बांधायला किंवा प्रवर्तकासमोर बसायला फारसे मिळत नाही. पुढच्या मुलाखतीत विचारतात ते नेमके हेच.

छोट्या कंपन्यांचे, म्हणजे एसएमई इश्यू करणाऱ्या बँकरकडे वेगळ्या नजरेने पाहावे. तिथे इश्यू 100 टक्के अंडरराइट करावा लागतो, म्हणजे न खपलेले शेअर स्वतः घेण्याची हमी द्यावी लागते, आणि त्यातला किमान 15 टक्के भाग लीड मॅनेजरला स्वतःच्या खात्यावर घ्यावा लागतो. लिस्टिंगनंतर किमान 3 वर्षे मार्केट मेकिंगची (शेअरला सतत खरेदी-विक्रीचे भाव देत राहण्याची) सोयही करून द्यावी लागते. बाजार पडला की भांडवल कमी असलेल्या बँकरला याची झळ लगेच बसते. डिसेंबर 2024 मध्ये सेबीच्या मंडळाने मर्चंट बँकरांच्या, म्हणजे अशी कामे करणाऱ्या नोंदणीकृत बँकरांच्या, नेटवर्थच्या (स्वतःच्या भांडवलाच्या) अटी बऱ्याच वाढवायचे ठरवले: सर्व कामांसाठी 50 कोटी रुपये, आणि मेनबोर्डचे इश्यू सोडून बाकीच्या कामांसाठी 10 कोटी. ‘तुम्ही कोणत्या गटात बसता?’ हे मुलाखतीत सरळ विचारावे. सेबीच्या आदेशांच्या पानावर कंपनीचे आणि संचालकांचे नावही शोधावे. नवी कामे घेण्यावर बंदी आली तर कनिष्ठांचे वर्ष रिकामे जाते.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचाच सल्ला देणाऱ्या बुटीकबाबत एवढे कागद मिळत नाहीत. तिथे संकेतस्थळावरच्या लोगोंवर भिस्त ठेवू नये. त्या लोगोमागे विक्रेत्याचा एकमेव सल्लागार असू शकतो, नुसता मूल्यांकन अहवालही असू शकतो, किंवा तो सौदा पार्टनरने आधीच्या नोकरीत केलेला असतो. म्हणून एक-दोन सौदे निवडून विचारावे: मँडेट (सौद्याचे काम सोपवणारा करार) कोणाचे होते, टीझर (कंपनीची थोडक्यात ओळख) आणि इन्फर्मेशन मेमोरँडम (सविस्तर माहितीपत्र) कोणी लिहिले, डेटा रूम (खरेदीदारांना दाखवायच्या कागदांचा साठा) कोणी चालवली, टीममध्ये किती जण होते? खरे काम केलेला माणूस यावर न थांबता बोलतो. उत्पन्नासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून नफा-तोटा पत्रकासह ताळेबंद पाहता येतो. तीन वर्षांचे पाहावेत, कारण सौदा पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या एका मोठ्या सक्सेस फीने एखादे वर्ष फुगलेले असते.

बुटीकचे नाव दोन-तीन माणसांवर उभे असते, हेही ध्यानात ठेवावे. 1984 पासून मुंबईच्या बाजारात मान असलेल्या एनाम या संस्थेचा गुंतवणूक बँकिंगचा धंदा 2012 मध्ये ॲक्सिस बँकेकडे गेला. 1996 मध्ये सुरू झालेली न्यूयॉर्कची ग्रीनहिल ही बुटीक 2023 मध्ये जपानच्या मिझुहो बँकसमूहाने घेतली. त्यामुळे मँडेट आणणारा पार्टनर कोण, आपण थेट त्याच्या हाताखाली असू का, आणि मागच्या तीन-चार ॲनालिस्टांपैकी कोण कुठे गेले, हे विचारलेच पाहिजे. यातले शेवटचे उत्तर लिंक्डइनवर दहा मिनिटांत मिळते, आणि आमच्या मते पुढच्या संधींचा तोच सर्वांत खरा अंदाज आहे.

आता पगार. जाहीर होणाऱ्या पॅकेजात बोनस मिसळलेला असतो. बुटीकची मुख्य फी सौदा पूर्ण झाल्यावरच येते, आणि करारावर सह्या झाल्यानंतरही मंजुऱ्यांत महिने जातात. ‘बोनस वाटपाच्या दिवशी नोकरीत असणे आवश्यक’ या ओळीमुळे वर्षभर राबलेल्या मुलाच्या हाती काही लागत नाही. नोटीस 90 दिवसांची असेल तर ती काळजी आणखी वाढते. नोटीस काळात बोनस मिळेल की नाही, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावे.

काही ठिकाणी मुलांना ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतात आणि व्यावसायिक शुल्कावरचा 10 टक्के टीडीएस कापतात. पगारावरच्या टीडीएसचे प्रमाणपत्र नाही, पीएफ नाही. पुढे मोठ्या बँकेने अनुभवाची पडताळणी केली की पे-स्लिप, रिलीव्हिंग लेटर, पीएफ पासबुक मागतात आणि दोन वर्षांचा अनुभव सिद्ध करताना मुलांच्या नाकी नऊ येतात. 20 पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला पीएफ सक्तीचा नसतो, त्यामुळे तो नसणे बेकायदा असेलच असे नाही. पण अशा वेळी निदान कर्मचारी म्हणून नेमणूकपत्र आणि दरमहा पे-स्लिप मागावी.

आपल्याला विनंती एवढीच, की प्लेसमेंटच्या बातम्यांत निश्चित पगार आणि बोनस वेगवेगळे छापावेत. महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनीही छोट्या बँकांना बोलावताना सेबी नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद आणि नेमणूकपत्राचा नमुना आधी मागवून नोटीस बोर्डावर लावावा.

आपले,
गुंतवणूक बँकिंगमध्ये काम करणारे काही वाचक, मुंबई