ट्रेकचा म्होरक्या घडवावा लागतो

महोदय,

पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या ट्रेकच्या जाहिरातींचा सुकाळ होतो. पण गट नेणारा काय शिकलाय, हे कुणी विचारत नाही. चार वेळा किल्ला चढला म्हणून कुणी म्होरक्या होत नाही.

त्याने त्याच मोसमात, आठवडाभर आधी वाट पाहून यावी. मे महिन्यातला कोरडा ओढा जुलैत कमरेएवढा असतो. दहा जणांमागे निदान एक जाणता हवा, शिवाय एक सर्वांत पुढे, एक पिछाडीला. प्रत्येक फाट्यावर डोकी मोजायची. हमखास चुकतं ते विश्रांतीत. पुढचे १० मिनिटं बसतात, मागचे धापा टाकत पोचतात आणि गट लगेच उठतो. ज्याला विसावा हवा, त्यालाच तो मिळत नाही. मग उतरताना गुडघे लटपटतात, पाय मुरगळतो. शेवटचा माणूस पाणी पिऊन सावरल्यावरच निघावं.

ओढा अचानक गढूळला, पालापाचोळा वाहू लागला, तर वर पाऊस कोसळतोय हे ओळखून अलीकडेच थांबावं. हातांची साखळी करून उतरणं जिवावर बेतू शकतं.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पैसे भरण्याआधी पालकांनी आयोजकांना त्याखालची नोंदणी आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण याबद्दल जरूर विचारावं.

– एक गिर्यारोहण प्रशिक्षक, पुणे